तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांसाठी सायकल ट्रेलर कोणता घ्यावा?

जर्मनीतल्या मराठी घरांत मूल वर्षाचं होत आलं, किटाची, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीची, जागा पक्की झाली की हा प्रश्न हमखास येतो: ‘‘सायकलला मागे जोडायचा ट्रेलर घ्यायचाय. थुले घेऊ, क्रूझर घेऊ, की बर्ली?’’ तिन्ही कंपन्यांचे ट्रेलर चांगले आहेत. पण कंपनीचं नाव शेवटी ठरवा. आधी तीन गोष्टी घरीच तपासा: सायकलचं मागचं चाक, घराचं दार आणि मुलाची बसल्यावरची उंची. बरेच ट्रेलर या तीन गोष्टींतच बाद होतात, आणि उरलेल्यांतून निवडणं सोपं असतं.

सुरुवात मागच्या चाकापासून. बहुतेक ट्रेलर मागच्या अ‍ॅक्सलला, म्हणजे चाकाच्या मधल्या आसाला, डाव्या बाजूनं जोडतात, कारण उजवीकडे चेन आणि गिअर असतात. अ‍ॅक्सलवर एक छोटा जोड कायमचा बसवायचा, ट्रेलरचा दांडा त्यात अडकवायचा आणि पिन किंवा खटका लावायचा. हा जोड तुमच्या अ‍ॅक्सलला बसतो का, हा खरा प्रश्न. अ‍ॅक्सल ढोबळमानानं तीन प्रकारचे. पहिला नटाचा, शहरी सायकलींवर, विशेषतः शिमानो नेक्ससच्या हब गिअरवर (चाकाच्या मधल्या भागात, हबमध्येच बसवलेले गिअर) तो असतो. दुसरा क्विक रिलीजचा, लिव्हर फिरवून सैल होणारा. तिसरा थ्रू-अ‍ॅक्सल, म्हणजे फ्रेमच्या आरपार जाणारा १२ मिमी जाडीचा दांडा; नव्या ई-बाइकवर आणि माउंटन बाइकवर तो बराच दिसतो.

नटाच्या अ‍ॅक्सलवर जोड बसवताना आतला दातेरी वायसर काढून जागा करायचा मोह होतो. तो काढू नका. हब गिअरचा अ‍ॅक्सल फ्रेममध्ये फिरू नये म्हणूनच तो तिथे असतो. जोडाची पट्टी त्याच्या बाहेर बसते आणि सगळ्यात बाहेर नट. नट घट्ट केल्यावर अ‍ॅक्सलचे आटे नटाच्या बाहेरच्या कडेपर्यंत आलेले दिसले पाहिजेत. नट अर्ध्यावरच धरत असेल, तर तो अ‍ॅक्सल या जोडासाठी आखूड आहे. क्विक रिलीजचंही तेच: जोडाच्या जाडीमुळे मूळ दांडा कमी पडतो, म्हणून ट्रेलरसाठी मिळणारा लांब दांडा घ्या. थ्रू-अ‍ॅक्सलला मात्र अंदाज चालत नाही. लांबी आणि आट्यांचं अंतर दोन्ही जुळावं लागतं आणि आट्यांचं अंतर १, १.५ किंवा १.७५ मिमी असू शकतं. जुना अ‍ॅक्सल काढा. त्यावर बहुतेक वेळा मापं छापलेली असतात. त्यांचा फोटो काढून दुकानात दाखवा.

सायकलची पुस्तिकाही आधीच वाचा. कार्बन फ्रेमवर ट्रेलर जोडायला अनेक उत्पादक मनाई करतात. ई-बाइकची मोटर मागच्या हबमध्ये असेल तर जोड बसेलच असं नाही. ताशी ४५ किमीवाली वेगवान ई-बाइक असेल तर विषयच संपला, कारण जर्मनीत तिला मुलांचा ट्रेलर जोडता येत नाही. ताशी २५ किमीपर्यंत मदत करणारी साधी ई-बाइक चालते.

जोड एकच घेऊ नका. सकाळी आई मुलाला किटात सोडते आणि संध्याकाळी बाबा आणतात, असं अनेक घरांत असतं. दोन्ही सायकलींवर जोड असेल तर ट्रेलर किटाच्या आवारात ठेवून जाता येतं. किटात अशी जागा आहे का, हे आधी विचारून घ्या.

दुसरं माप दाराचं. दोन मुलांचे ट्रेलर साधारण ८० ते ९० सेंमी रुंद असतात. जर्मन घरांत ८६ सेंमीचा दरवाजा सर्रास आढळतो, पण त्याच्या चौकटीतून जायला मोकळी जागा सुमारे ८१ सेंमीच मिळते. तळघराचं दार आणि लिफ्टचं दार टेपनं मोजा. जाहिरातीतल्या घडी केलेल्या मापावर जाऊ नका. घडी होते हे खरं, पण झोपलेलं मूल, दप्तर आणि ओले बूट घेऊन रोज संध्याकाळी चाकं काढून ट्रेलर दुमडणं कुणालाच जमत नाही. जुन्या इमारतीत लिफ्ट नसेल आणि अंगणात झाकलेली जागाही नसेल, तर दोनसीटीपेक्षा एकसीटी ट्रेलर किंवा कॅरिअरवरची बाळखुर्ची बरी. एकच मूल आहे आणि दुसऱ्याचा विचार नाही, तर मी एकसीटीच सुचवेन. तो अरुंद, हलका असतो, आणि रेल्वे फाटकाजवळच्या नागमोडी अडसरांतून तोच नीट निघतो. दोनसीटी तिथे अडकला की मुलांसकट मागे घ्यावा लागतो.

आता मूल. जाहिरातीत वय लिहिलेलं असतं, पण बघायची ती बसल्यावरची उंची आणि डोक्यामागची जागा. दुकानात जाताना मुलाला घेऊन जा आणि त्याचं हेल्मेटही न्या. बसवा, पट्टे लावा, हेल्मेट घाला आणि बाजूनं बघा. पाठीमागचं कापड सपाट आणि ताणलेलं असेल तर हेल्मेटचा मागचा फुगीर भाग त्यावर टेकतो, डोकं पुढे ढकललं जातं आणि हनुवटी छातीला लागते. जागं मूल कुरकुर करून सांगेल, झोपलेलं तसंच राहील. लहान मुलाची मान अशी वाकली की श्वासालाही अडथळा होऊ शकतो. चांगल्या ट्रेलरमध्ये डोक्यामागे हेल्मेटसाठी खोलगट जागा किंवा सैल जाळी असते. वरून बघताना डोकं आणि ट्रेलरच्या छताचा आडवा दांडा यांत बोटभर तरी अंतर हवं, कारण ट्रेलर उलटला तर तोच दांडा मुलाला वाचवतो. हेल्मेट जर्मनीत सक्तीचं नाही, तरी घालावंच.

पट्टे पाच टोकांचे हवेत आणि खांद्याचे पट्टे खांद्याच्या उंचीवर किंवा किंचित वरून निघायला हवेत. हिवाळ्यात जाड जॅकेटवरून पट्टे लावले तर ते घट्ट वाटतात, पण जॅकेट दबलं की सैल पडतात. पातळ लोकरीचे कपडे घाला, पट्टे लावा आणि मग वरून पांघरूण किंवा पाय घालायची पिशवी द्या. तुम्ही पेडल मारून गरम होता, मूल मात्र नुसतं बसून असतं, त्यामुळे त्याला तुमच्यापेक्षा एक थर जास्त लागतो. मानेला हात लावून बघा. बोटं गार असली तरी चालतं, मान गार नको.

दोन मुलांसाठी घेत असाल तर खांद्याच्या उंचीवर आतली रुंदी मोजा. ती ६० सेंमीच्या आत असेल तर हेल्मेट आणि हिवाळी कपड्यांत दोघं एकमेकांवर कोपर मारत बसतात आणि दहाव्या मिनिटाला भांडण सुरू होतं.

किती महिन्यांपासून? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला वर्षाखालच्या बाळाला सायकलवर न नेण्याचा आहे. जर्मनीत बाळांसाठी ट्रेलरच्या आत टांगायच्या झोळीसारख्या खुर्च्या मिळतात आणि गुळगुळीत रस्त्यावर, हळू, लोक त्या वापरतात. आमचं मत सावध बाजूला झुकतं: मूल आधाराशिवाय नीट बसत असावं आणि हेल्मेटसह मान सावरत असावं. त्याआधी तोच ट्रेलर पुढचं चाक लावून चालण्याची गाडी म्हणून वापरा. आजी-आजोबा तीन महिन्यांसाठी आलेले असतात तेव्हा तर त्याचा फार उपयोग होतो. फक्त हाताचा ब्रेक आणि मनगटाचा पट्टा त्यांना आधी दाखवून ठेवा.

कायदा थोडक्यात असा: मूल सात वर्षांचं पूर्ण होईपर्यंत ट्रेलरमध्ये बसू शकतं, एका ट्रेलरमध्ये जास्तीत जास्त दोन मुलं आणि चालवणारा किमान १६ वर्षांचा. अपंग मुलांना वयाची अट नाही. २०१८ पासूनच्या नव्या ट्रेलरची रुंदी ६० सेंमीपेक्षा जास्त असेल तर मागे डावीकडे लाल दिवा, मागे दोन लाल आणि पुढे दोन पांढरे परावर्तक लागतात. सायकलचा स्वतःचा मागचा दिवा ट्रेलरनं झाकला जातो, त्यामुळे ट्रेलरवरचा दिवा दिवसाही चालू ठेवा. काठीवरचा झेंडा काढून ठेवू नका. उभ्या गाड्यांच्या रांगेमागून तुमच्या मुलांचा फक्त तोच दिसतो.

वजनाचा हिशोब लोक करत नाहीत, आणि गडबड इथेच होते. समजा ट्रेलर १६ किलोचा, मुलं १२ आणि १७ किलोची, सामान ४ किलोचं. झाले ४९ किलो. ५ टक्के चढावर ताशी १० किमीनं जाताना केवळ हे वजन वर चढवायला सुमारे ७० वॉट जास्त लागतात. मैदानी भागात साधी सायकल पुरते. स्टुटगार्टसारख्या चढउतारांच्या शहरात ई-बाइक हवी किंवा खूप हलके गिअर हवेत. उतारावर तेच ४९ किलो तुम्हाला मागून ढकलतात, आणि बहुतेक ट्रेलरना चालताना लागणारा स्वतःचा ब्रेक नसतो. ताशी २० वरून ३० किमीला गेलात की थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते. पावसात वळणावर ब्रेक दाबला तर ट्रेलर मागचं चाक बाजूला ढकलतो. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच लावा. ट्रेलरच्या पुस्तिकेत दिलेली कमाल भारमर्यादा मुलं आणि सामान मिळून असते. काही सायकल उत्पादक त्यांच्या एकूण वजनमर्यादेत ट्रेलरही धरतात, तेही तपासा.

सामान कुठे ठेवता याला महत्त्व आहे. जोडावर थोडं वजन खाली पडायला हवं. पुस्तिकेत ही मर्यादा दिलेली असते, बऱ्याचदा ३ ते ८ किलोच्या आसपास. घरच्या वजनकाट्यावर खोकं किंवा वीट ठेवून काटा शून्यावर आणा, मुलं आणि सामान जागेवर असताना दांड्याचं टोक जोडाच्या उंचीला त्यावर टेकवा आणि आकडा वाचा. मागच्या कप्प्यात दुधाच्या बाटल्या कोंबल्या तर हा आकडा शून्याखाली जातो, दांडा वर उचलायला बघतो, मागचं चाक हलकं होतं आणि ट्रेलर डगडगतो. तेव्हा जड सामान सायकलच्या कॅरिअरवर न्या.

ट्रेलर उलटायचं नेहमीचं कारण म्हणजे वळताना आतलं चाक फुटपाथच्या कडेवर चढणं. ट्रेलर सायकलपेक्षा आतून वळतो, म्हणून उजवीकडे वळताना कडेपासून नेहमीपेक्षा हातभर लांब राहा आणि चालण्याच्या वेगानं वळा. पहिल्या दिवशी मुलांऐवजी बटाट्याची पोती पट्ट्यांनी बांधून मोकळ्या आवारात वळणं घेऊन बघा. दांड्यापासून सायकलच्या फ्रेमभोवती जाणारा सुरक्षा-पट्टा दर वेळी लावा. पिन निसटली तर ट्रेलर त्यावरच टिकतो.

स्प्रिंगवर जास्त पैसे घालायचे का? किटा दोन किलोमीटरवर आणि रस्ता डांबरी असेल तर गरज नाही. कडक स्प्रिंग १० किलोच्या मुलाखाली हलतसुद्धा नाही. आधी टायरची हवा बघा. टायरच्या बाजूला छापलेल्या मर्यादेत, खालच्या टोकाकडे ठेवली की दगडी फरशीचे धक्के बरेच कमी होतात. जंगलातल्या खडीच्या वाटा आणि रविवारच्या लांब फेऱ्या असतील तर वजनानुसार जुळवता येणारी स्प्रिंग घ्या.

वापरलेला घ्यायला काहीच हरकत नाही. हे ट्रेलर दणकट असतात आणि चार वर्षांत मुलं त्यातून बाहेर पडतात. कापड मळलं असेल तर धुता येतं. जोडातलं रबर चिरलेलं, दांडा किंचित वाकलेला, बकल आपोआप सुटणारं, शिवणीत बुरशीचा वास, यांतलं काही असलं तर सोडून द्या. विकणाऱ्याला थेट विचारा, कधी उलटलाय का. मॉडेलचं नाव टाकून त्या कंपनीनं जोड किंवा दांडा परत मागवला होता का, हेही शोधा.

‘‘परत जाताना पुण्याला नेऊ का?’’ हेही बरेच जण विचारतात. रस्त्यावर नको. ट्रेलर बसच्या आणि ट्रकच्या चालकाला दिसत नाही आणि गतिरोधकांवर मुलं उडतात. मोठ्या सोसायटीच्या किंवा विद्यापीठाच्या आवारात, जिथे गाड्या कमी आणि हळू असतात, तिथे छान चालतो. मात्र जर्मनीतल्या ट्रेलरचा झेंडा आणि लाल दिवा डावीकडे असतो; आपल्याकडे गाड्या उजवीकडून ओलांडतात, म्हणून दोन्ही उजवीकडे हलवून घ्या.