येझदी न खोलता उजळली

मामांची येझदी २५० मोटरसायकल पडवीत उभी असायची, पण बंद कधीच नव्हती. दर रविवारी मामा तिला पुलापर्यंत फिरवून आणत. त्यामुळे रंगारी जेव्हा म्हणाला, "पूर्ण खोलू, फ्रेम वेगळी करू, सगळं नव्यानं मारू," तेव्हा मामांनी मलाच विचारलं, "अरे, चालत्या गाडीच्या पोटात कशाला हात घालायचा? तोंड तेवढं धुऊन दे तिचं."

मलाही तेच हवं होतं. गाडी १९७६ ची, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. मूळचा मरून रंग आणि टाकीवरची सोनेरी रेघ एकदा खरवडली की गेलीच. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले जमतात, त्याच्या आत काम संपवायचं म्हणून मे महिन्यात बसलो.

पहिले दोन दिवस नुसती धुलाई. कार्ब्युरेटर प्लास्टिकने घट्ट बांधला आणि डिझेल लावून दातांच्या ब्रशने इंजिन घासलं. टू-स्ट्रोक गाडीच्या तेलाचा आणि मातीचा थर इंजिनच्या फिन्सच्या, म्हणजे गार ठेवणाऱ्या पात्यांच्या, फटीत दगडासारखा बसला होता. तो बांबूच्या काडीने काढला. स्क्रू-ड्रायव्हर घातला असता तर ॲल्युमिनियमवर ओरखडे उठले असते.

रंगाला हात लावताना मात्र धाकधूक होती. रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग घासून उजळवायची पेस्ट, आधी सीटखाली, न दिसणाऱ्या जागी लावून पाहिलं. पांढरं फडकं मरून झालं. म्हणजे वर क्लिअर कोट, रंगावरचा पारदर्शक थर, नाही, प्रत्येक घासणीला रंगच निघतोय. पॉलिशचं मशीन बाजूला ठेवलं. हाताने, हलक्या दाबाने, कडा सोडून घासत गेलो, कारण कडांवर रंगाचा थर सगळ्यात पातळ असतो. सोनेरी रेघेवर मास्किंग टेप लावली, पण आधी ती दोनदा पँटवर चिकटवून तिचा चिकटा मारला, नाहीतर टेपबरोबर रेघही उचलून आली असती. दुपारपर्यंत अर्धी टाकी झाली. एक बाजू उन्हाने विटलेली, फिकट गुलाबी. दुसरी पिकलेल्या कोकमासारखी. मामा खुर्ची ओढून समोरच बसले.

टाकीच्या बाजूचं क्रोम, रिम आणि सायलेन्सर यांना पोळ्या गुंडाळायचं फॉइल पाण्यात बुडवून चोळलं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा न पडता तांबेरा निघतो. काळा चिखल पुसून लगेच मेण लावलं. जिथे क्रोम उडालंच आहे तिथे फॉइलचा उपयोग नाही. तिथला गंज घासून नुसतं मेण लावलं, रंग मारून झाकलं नाही. स्पोक पुसायला तीन संध्याकाळी गेल्या, आणि त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सगळ्यात जास्त राग आला तो इंजिनच्या कव्हरांचा. कुठल्यातरी गॅरेजने कधीकाळी त्यांच्यावर चक्क चंदेरी रंग फासला होता! खाली उत्तम ॲल्युमिनियम असताना! पेंट रिमूव्हर लावून तो पापुद्र्यासारखा सोलला, मग ८००, १२०० आणि १५०० नंबरचा वॉटर पेपर, शेवटी मेटल पॉलिश. डाव्या कव्हरवर, किकच्या मागे, नाण्याएवढी झिजलेली जागा निघाली. येझदीची किक मारून झाली की तोच दांडा पुढे वळवून गिअरचा होतो, त्यामुळे त्या बाजूला पायाचा राबता फार. मामांनी त्या जागेवर अंगठा फिरवला. "इथं माझी टाच लागायची, फॅक्टरीला जाताना."

८०० चा पेपर तिथे फिरवलाच नाही, फक्त पॉलिश केलं.

हँडलच्या आणि गुडघ्याच्या रबरांना ग्लिसरीन चोळून रात्रभर ठेवलं. फुटरेस्टला मुद्दाम काही लावलं नाही, पाय घसरतो. सीटचं कव्हर तेवढं बाहेरून शिवून आणलं. आता मागच्या मडगार्डच्या आतला गंज राहिलाय. तो घासून रेड ऑक्साइड, म्हणजे गंजरोधक प्रायमर, मारायचाय, पाऊस लागायच्या आत.