कॅमेरा नक्की कुणावर?

इंग्लंडातल्या लीड्समध्ये मी घरोघरी जाऊन वयस्कर माणसांचं बघते. अंघोळ, औषध, जेवण, थोड्या गप्पा. त्यांतल्या बऱ्याच जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे आणि तरी ते एकटेच राहतात. सांगलीला फोन केला की हमखास विचारणा होते, "अशा माणसांना एकटं ठेवतातच कसं गं?"

तर असं. दाराशेजारी भिंतीला आकडे दाबून उघडायची छोटी पेटी असते, तिच्यात घराची किल्ली. आत शिरल्याची नोंद माझ्या फोनवर होते आणि सकाळी आलेल्या मुलीनं काय लिहून ठेवलंय ते दिसतं: पाणी कमी प्यायल्या, कपडे बदलू दिले नाहीत. गोळ्यांचा गोल डबा कुलूपबंद. वेळ झाली की तो वाजतो आणि त्या वेळचा एकच कप्पा पुढे करतो, म्हणजे घेतल्याचं विसरून पुन्हा गोळ्या घेतल्या असं होत नाही. घड्याळात नुसते काटे नसतात, 'मंगळवार, सकाळ' असं ठळक लिहून येतं. गादीखाली एक पट्टी असते. रात्री उठलेलं माणूस ठरल्या वेळेत परत आडवं झालं नाही, तर कॉल सेंटरला कळतं आणि खोलीतल्या स्पीकरच्या डब्यातून तिथली एक बाई विचारते, "बऱ्या आहात ना?" माझ्या एक आजी तिलाच दरडावतात, "आधी तू कुठं लपलीयस ते सांग!"

खरी किंमत त्या डब्याची नाही, पलीकडे जागी असलेल्या बाईची आहे. उत्तर द्यायला कुणी नसेल, तर असली यंत्रं म्हणजे नुसती पिरपिर. शिवाय जुने डबे तांब्याच्या तारांच्या टेलिफोनवर चालायचे. त्या लाइनी देशभर जानेवारी 2027 पर्यंत बंद करायचं ठरलंय, म्हणून आता सिमकार्ड आणि बॅटरीवाले डबे येतायत. लाइट गेली तर काय, हा आपला सांगलीकर प्रश्न सध्या इंग्रजांनाही पडलाय.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र साध्या कागदाची आहे. हर्बर्ट प्रोटोकॉल नावाचा एक फॉर्म इथले पोलीस माणूस हरवायच्या आधीच भरून ठेवायला सांगतात. नॉर्मंडीच्या लढाईत उतरलेले जॉर्ज हर्बर्ट म्हातारपणी आपलं बालपणीचं घर शोधायला निघाले आणि वाटेतच गेले, त्यांच्यावरून हे नाव. फोटो, औषधं, जुने पत्ते, जुनी नोकरी, पाय कुठे वळतात, सगळं त्यात लिहायचं.

गावभागातल्या आमच्या अण्णांसाठी, म्हणजे थोरल्या चुलत्यांसाठी, तसाच कागद आम्ही मराठीत केला. अण्णांचा जन्म हळदीच्या अडतीत गेला. उन्हं कलली की ते उठतात, चपला शोधतात. "हरिपूरला पेव उघडायचंय, माणसं खोळंबली असतील." जमिनीखालची ती हळदीची पेवं, त्यांतली बरीचशी पुराच्या पाण्यानं कधीच निकामी झाली. पण अण्णांना सांगून उपयोग नाही, आणि हरिपूरच्या वाटेला नदी आहे. कागदावर पहिल्या ओळीत हरिपूर, मग मार्केट यार्ड, मग घाट. प्रती शेजारी, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे आणि रिक्षा स्टॉपवर.

यंत्राचं म्हणाल तर पुण्याच्या धाकट्या भावानं आधी ब्लूटूथचा बिल्ला पाठवला होता. तो आसपास कुणाचा तरी फोन असला तरच सापडतो. मारुती चौकात ठीक आहे, उसाच्या फडात कोण असणार? सिमवालं जीपीएस घेतलं. मनगटावर बांधलं की अण्णा ते काढून पाण्याच्या तांब्यात टाकायचे. शेवटी वहिनीनं बंडीच्या आत एक खिसा शिवला. बंडी ते कुणाला काढू देत नाहीत, अंघोळ सोडून. दाराला चुंबकाची घंटा लावली, तिचा आवाज शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरातही वाजतो.

आता कॅमेऱ्याचं. तोही धाकट्यानंच बसवला आणि अख्ख्या खानदानाला पासवर्ड दिला. मग ग्रुपवर सुरू: 'अण्णा अजून झोपलेत?' 'नाश्ता उशिरा का?' 'वहिनी कुठे गेल्या?' वहिनी मला म्हणाली, "तो अण्णांवर नाही गं, माझ्यावर लावलाय." अगदी खरं. रात्रीतून चार वेळा उठणारी ती, आणि हजेरीही तिचीच! इंग्लंडात अशी वस्तू लावताना आधी त्या माणसाला विचारावं लागतं. त्याला समजत नसेल, तर त्याच्या हिताचं काय हे 2005 च्या मेंटल कपॅसिटी कायद्याप्रमाणे ठरवावं लागतं. सांभाळणाऱ्या बाईला विचारावं असं आपल्याकडे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

कॅमेरा निघाला. त्याच्या जागी गादीखालची पट्टी आली. तिचा रात्रीचा इशारा एक दिवसाआड दादाच्या फोनवर जातो, म्हणजे त्या रात्री वहिनीला झोप मिळते. बंडीतलं यंत्र रोज रात्री चार्जिंगला लावायचं कामही दादाकडे. सिमचं रिचार्ज धाकटा भरतो. पुण्यात बसून निदान एवढं तरी करावं असं वहिनीचं म्हणणं आहे, आणि ग्रुपवर त्याला अजून तरी कुणी हरकत घेतलेली नाही.