चाकोरी

चाकोरी हा शब्द हल्ली माणसांच्या आयुष्यालाच लावला जातो. चाकोरीतली नोकरी, चाकोरीबाहेरचा विचार. मूळ चाकोरी मातीतली. ओल्या जमिनीवरून गाडी गेली की मागे उरते ती. परक्याच्या शेतावर बंदूक घेऊन जायचं असेल आणि त्यासाठी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी घ्यायची असेल, तर हा मूळ अर्थ आधी डोळ्यांसमोर आणावा. ब्रिटनसारख्या ज्या देशांत कायदा अशा शिकारीला मुभा देतो, तिथेही शेतात पाऊल टाकता येतं ते शेतकऱ्याच्या परवानगीनेच. पिकावर तुटून पडणारी रानकबुतरं आणि कोवळे कोंब खुडणारे ससे कमी झालेले त्याला हवेच असतात. पण कबुतरांनी खाल्लं त्याहून जास्त पीक गाडीने तुडवलं, तर पुढच्या खेपेला फाटकाला कुलूप दिसतं.

जाहिरातीतली गाडी नेहमी नदीतून पाणी उडवत येते. शेतकऱ्याला उडालेला चिखल दिसला की त्याच्या पोटात गोळा येतो. तेव्हा गाडी कुठवर जाते हे विचारण्याआधी तिचं वजन विचारावं.

शेतासाठीच जन्मलेली गाडी हलकी नि साधी होती. लँड रोव्हर १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली तेव्हा महायुद्धानंतरच्या पोलादटंचाईमुळे तिच्या अंगावर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा होता. इंजिनाच्या जोरावर शेतातली यंत्रं फिरवायची सोयही तिच्यात होती. आज तेच कुळनाव लावणाऱ्या बऱ्याच गाड्या दोन टनांच्या पुढे गेल्यात. उलट सुझुकीची २०१८ची जिमनी साधारण ११०० किलोंची. १९७७पासून रशियात बनणारी लाडा निवाही फारशी जड नाही, आणि फियाटची १९८३ची पहिली पांडा फोर बाय फोर तर ८०० किलोंच्या आतली. ओल्या गवतावर हे खेळणं ज्या सहजतेने निघून जातं, ते पाहून चामडी सीटांच्या मोठ्या गाड्यांच्या मालकांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

वजनाबरोबर हवेचाही हिशोब असतो. टायर जमिनीला किती दाबतो, ते ढोबळमानाने त्याच्यातल्या हवेवर ठरतं. हवा ३२ पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला ३२ पौंड असेल, तर मातीच्या वरच्या थराला साधारण तेवढाच दाब सोसावा लागतो. ट्रॅक्टरचे रुंद टायर शेतात १२ ते १५ पीएसआयवर चालतात. म्हणजे पाच-सहा टनांचा ट्रॅक्टर मातीच्या वरच्या थराला जेवढा टोचत नाही, तेवढी दीड टनाची गाडी टोचते. खोलवरची माती दाबली जाते ती एकूण वजनाने, तिथे ट्रॅक्टरचाच दोष. पण वरचं गवत फाडायला आपली गाडी पुरेशी आहे. फाटकातून आत शिरलं की हवा १८-२०वर आणावी. टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, पकड वाढते, माती कमी फाटते. मात्र डांबरी रस्त्यावर परतण्याआधी ती पुन्हा भरावीच लागते, नाहीतर कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो. म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि स्वतःचा मीटर डिकीत हवाच. यापुढे डोळे मिटून निवडलेल्या महागड्या सामानाची यादी करण्यात अर्थ नाही.

उभ्या पिकात फवारणीचा ट्रॅक्टर ज्या दोन मोकळ्या पट्ट्यांतून जातो, त्यांतूनच आपण जाऊ असं नवख्याला वाटतं. जातो, पण एकाच बाजूने. त्या पट्ट्या ट्रॅक्टरच्या चाकांच्या अंतरावर पाडलेल्या असतात, बहुधा १.८ ते २ मीटर. गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर दीड मीटरच्या आसपास. उजवं चाक पट्टीत बसवलं की डावं थेट पिकात. पट्ट्या खोल रुतलेल्या असतील तर आणखी एक गंमत होते. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी पाडलेली चाकोरी वीतभर खोल, आणि जिमनीसारख्या चांगल्या गाडीचाही पोटाखालचा मोकळा भाग २१० मिलिमीटर. मधला उंचवटा पोटाला, नेमकं सांगायचं तर ॲक्सलवरच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरपेटीच्या गोळ्याला टेकतो, आणि गाडी कासवासारखी अधांतरी. चारही चाकं फिरतात, पण त्यांच्यावर वजनच उरत नाही. अशी जागा दिसली की गाडी कडेच्या टणक जमिनीवर लावून उरलेलं अंतर चालत जावं.

मातीचा वापसा ओळखता आला तर निम्मी अडचण सुटते. मूठभर माती दाबून सोडली आणि गोळा बोटाने सहज फुटला, तर चाक चालतं. गोळा चिकट राहिला, बोटांना लेप बसला, तर गाडी रस्त्यावरच बरी. थंडीत आणखी फसगत होते. पहाटे गोठलेली जमीन सिमेंटसारखी वाजते, गाडी आत अगदी मजेत जाते. दुपारी वरचे दोन-तीन सेंटिमीटर वितळतात, खाली मात्र अजून बर्फ. पाणी खाली मुरत नाही आणि वर साबण लावल्यासारखं होतं. उताराच्या टोकाला लावलेली गाडी तेव्हा परत चढत नाही. म्हणून गोठलेल्या सकाळी गाडी लावताना तोंड परतीच्या दिशेला, आणि शक्यतो चढाच्या वरच्या अंगाला.

आता फोर बाय फोर या शब्दाविषयी. चारही चाकं फिरतात एवढंच तो सांगतो. कशी फिरतात ते नाही. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखा जोर देतो, आणि तो जोर कमी पकड असलेल्या चाकाला पेलेल तेवढाच असतो. चर तिरका ओलांडताना पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम हलकं होतं. दोन्ही भिरभिरतात, आणि घट्ट टेकलेली दोघं स्वस्थ बसून राहतात. मागच्या ॲक्सलला दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं लॉक असेल तर हा प्रश्न मिटतो. नव्या गाड्यांत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्याकडे पाठवणारी यंत्रणा असते. तिला काम करू द्यायचं तर ॲक्सिलरेटर एकसारखा धरावा लागतो. घाबरून पाय उचलला की तीही हात टेकते.

शेतासाठी माझ्या लेखी लॉकपेक्षा लो रेंज, म्हणजे सगळेच गिअर आणखी खाली नेणारी जोड, मोलाची. दुप्पट किंवा त्याहून जास्त गिअर कमी झाला की गाडी माणसाच्या चालीने, क्लच न जाळता सरकते. ओल्या गवताच्या उतारावर तर तिला पर्याय नाही. ब्रेक दाबला की चाक थांबतं आणि गाडी घसरगुंडीवर बसते. लो रेंजच्या पहिल्या-दुसऱ्या गिअरात इंजिनच तिला धरून ठेवतं. ज्या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांमधला डिफरन्शियल नाही, त्यांना कोरड्या डांबरावर फोर बाय फोरमध्ये ठेवू नये. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांब वाट कापतात, तो फरक कुठेच न निघाल्याने शाफ्ट पिळले जातात आणि स्टिअरिंग अडखळतं.

टायरवरून दोन तट आहेत आणि दोघेही हट्टी. मोठ्या खाचांचा मड टायर दिसतो रुबाबदार, पण ओल्या डांबरावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, तो रस्ताभर गुणगुणतो, आणि गवतावर नांगरासारखा खणतो. चिकण मातीत बारीक खाचांचा टायर दोन फेऱ्यांत भरून गुळगुळीत होतो, हेही खरं. शेतावर जाणं बहुतांशी रस्त्यानेच होत असेल, तर रस्ता आणि माती दोन्हींवर चालणारा ऑल टेरेन घ्यावा. बाजूवर ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) एवढंच लिहिलेलं असेल तर ते कंपनीचं स्वतःचं म्हणणं. तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची पाकळी असं चिन्ह असेल तरच तो बर्फावरच्या चाचणीतून पास झालेला.

अंधारात ससे टिपायला जाणाऱ्यांनी गाडी दिवसा न बघता रात्री बघावी. दार उघडलं की आतला दिवा लागतो का, तो बंद करायचं बटण आहे का, बेल्ट न लावल्याची पिपाणी किती वेळ वाजते, दिवसाही लागणारे पुढचे दिवे विझवता येतात का. नव्या गाड्यांत यांतलं बरंचसं आपल्या हातात राहिलेलं नाही. चार हजार मेन्यूंच्या स्क्रीनमधून शांतता शोधेपर्यंत ससा बिळात झोपून उठलेला असतो. जुन्या गाडीचा खटक्याचा दिवा इथे जिंकतो. उभ्या गाडीला प्राणी फारसे बुजत नाहीत, शेतात ट्रॅक्टर रोजचाच. बुजतात ते दाराच्या धाडकन् आवाजाला आणि खाली उतरलेल्या दोन पायांना. दार ओढून हलकेच लागतं का, हे विकत घेताना चार वेळा करून पाहायला लाजू नये.

बॉनेटवर टेकून रायफल चालवायची सवय असेल, तर एक गोष्ट पत्र्यावर लिहून ठेवण्यासारखी आहे. दुर्बीण नळीच्या चारेक सेंटिमीटर वर असते. दुर्बिणीतून समोर मोकळं रान दिसतं, आणि नळीचं तोंड मात्र बॉनेटच्या उंचवट्याकडे रोखलेलं असतं. बॉनेटला पडलेलं भोक मागून भरता येतं, उडालेल्या गोळीचं काय होईल ते सांगता येत नाही. गाडी हलत असताना बंदुकीत काडतूस नसतं, दुनळी उघडून तपासलेली आणि म्यानात. गाडी सोडून जायची वेळ आली तर ती बाहेरून दिसता कामा नये. दुनळीची पुढची लाकडी मूठ, किंवा रायफलचा बोल्ट, काढून खिशात ठेवावा. चोराला मिळाली तरी अर्धीच बंदूक मिळते. म्हणून काचेच्या मागे उघडी डिकी असलेली गाडी घेताना झाकणारी चौकट आहे का, तळाला साखळीने बांधायला कडी आहे का, ते बघावं. उघड्या पिकअपला हे सगळं वेगळं करून घ्यावं लागतं. शिवाय रिकाम्या पिकअपचं मागचं ॲक्सल हलकं असल्याने ओल्या गवतावर आधी तेच फिरतं. शे-दीडशे किलो वजन मागे टाकलं की ती शहाणी होते.

सामानाचं वजन लोक विसरतात. २५० काडतुसांचा खोका दहा-अकरा किलोंचा. त्यात नकली कबुतरं, जाळी, खांब, बसायचं स्टूल, कबुतरं फिरवणाऱ्या यंत्राची १२ व्होल्टची बॅटरी. वर ३० किलोंचा भिजलेला लॅब्राडोर, जो डिकीत आधी उडी मारतो आणि मग अंग झटकतो. उंच गाडी दिसायला छान, पण म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे तिच्याशी सहमत नसतात. तळाला काढून धुता येईल अशी रबराची चटई असावी, कापडी अस्तर नको.

डिझेल गाडीत आता एक्झॉस्टमध्ये काजळी पकडणारी गाळणी असते. ती साफ व्हायला लांबचा, एकसारख्या वेगाचा रस्ता लागतो. घरापासून पाच किलोमीटरवर शेत असेल आणि गाडी तेवढीच चालत असेल, तर गाळणी तुंबते, दिवा लागतो, खर्च उभा राहतो. ही गाळणी स्वतःला जाळून साफ करते तेव्हा आतली उष्णता ५५० अंशांच्या पुढे जाते. त्याच वेळी गाडी कापणीनंतरच्या वाळक्या धसकटांवर उभी असली, तर पोटाखालचं पाचट पेट घेऊ शकतं. थोडं अंतर, थोडं वजन असेल तर पेट्रोल बरं. तेही गरम असताना उंच वाळक्या गवतात उभं करू नये.

जुनी गाडी बघायला जाताना सोबत हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर असावा, रंग बघायला डोळे पुरेसे आहेत. चेसिसच्या पोकळ भागात चिखल साठतो, आतून गंज खातो. मागचा आडवा दांडा आणि दारांखालचा पत्रा ठोकून पाहावा. खणखण आवाज आला तर ठीक, बसका आला तर पुढे बोलणं नको. आधीच्या पिढीच्या काही जिमनींत पुढची चाकं निर्वातावर, म्हणजे नळीतली हवा ओढून घेऊन जोडली जातात, आणि नळी फाटली की डॅशबोर्डवरचा दिवा लागतो पण पुढची चाकं मोकळीच राहतात. तपासणं सोपं आहे. खडीवर फोर बाय फोर लावून स्टिअरिंग पूर्ण वळवावं आणि सावकाश चालवावं. गाडी अडखळत, दाबत वळली तर जोडलंय. लोण्यासारखी वळली तर नाही. कायम चारही चाकं फिरवणाऱ्या गाडीचे चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. सुबारू तर घेरात पाव इंचापेक्षा, म्हणजे सहा-साडेसहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालवून घ्यायला सांगत नाही. विकणाऱ्याने मागे दोन नवे टायर बसवले असतील तर ती मेहेरबानी नसते.

आणि तरीही गाडी रुतणारच. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की पहिल्याच सेकंदाला पाय काढावा. दुसऱ्या सेकंदाला ते खड्डा खणत असतं, पाचव्याला पोट टेकतं. मागे जायचा प्रयत्न करावा, त्याच चाकोरीतून, जिथे माती दाबलेली आहे. नाही जमलं तर फावड्याने चाकासमोरची माती उतरती करून, हवा आणखी उतरवून, चाकाखाली पकड देणाऱ्या पट्ट्या घालाव्यात. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर येतो तेव्हा ओढायची कडी कुठे आहे हे माहीत असावं. बऱ्याच गाड्यांत ती हत्यारांच्या पिशवीत सुटी असते, बंपरच्या झाकणाआड फिरवून बसवायची, आणि पुष्कळदा तिचे आटे उलटे असतात. चिखलात गुडघे टेकून ती सुलट फिरवत बसण्याची दृश्यं शेतकऱ्यांना हिवाळाभर पुरतात. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला दोर अडकवून हिसका मात्र देऊ नये. गोळा तुटला तर तो तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो आणि मधल्या काचेतून जातो.

फाटकाबाहेर पडल्यावर रस्त्यावर पडलेली ढेकळं फावड्याने बाजूला करावीत. ओल्या डांबरावरचा चिखल दुचाकीवाल्याला भोवतो. दुसऱ्या दिवशी गाडी ८०च्या पुढे नेली आणि स्टिअरिंग थरथरलं, तर लगेच अलाइनमेंटला पळू नये. आधी चाकांच्या आतल्या बाजूला हात घालावा. रिमच्या पोटात त्या शेताची मूठभर चिकण माती वाळून बसलेली असते, एकाच अंगाला.