तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मी’ कशाला, ‘ती’ लिहा की!

शृंगारकथा लिहायच्या तर लिहा, पण त्यात ‘मी’ कशाला? ‘ती’ लिहिलं तर काय बिघडतं? नात्यातल्या बायका विचारतात, वाचनालयात भेटणारे काका विचारतात. काका तर विचारता विचारता आमच्या ह्यांच्याकडे एकदा बघूनही घेतात. काय बिघडतं ते एकदाचं सांगूनच टाकते.

एका दिवाळी अंकाला कथा दिली होती. सोलापूरचा मे महिना, पारा 42 च्या पुढे. सगळं घर गच्चीवर झोपायला. सासू, नणंद, पोरं, ओळीने गाद्या. लग्नाला बरीच वर्षं झालेलं जोडपं पाणी प्यायच्या निमित्ताने खाली येतं. खोली तापलेली, पण रिकामी. शेजारच्या कारखान्यात यंत्रमाग चालू आहेत, त्या खडखडाटात वर काही ऐकू जाणार नाही, हाच काय तो धीर. आणि मध्येच लाइट जाते. माग थांबतात. दोघं आहेत तिथेच थिजतात, कारण आता बांगडी किणकिणली तरी सासूबाई जाग्या होतील. तो बांगड्यांसकट मनगटं मुठीत धरून ठेवतो. कथेतला शृंगार एवढाच: धरलेली मनगटं, दाबलेलं हसू, आणि लाइट केव्हा येते त्याची वाट.

अंक हातात आला तर ‘मी’ची ‘ती’ झालेली. मला न विचारता. संपादकांना फोन केला. “मॅडम, तुमच्याच भल्यासाठी केलं. लोक काय, काहीही बोलतात. बाकी कथेला हात लावलेला नाही.”

लावला होता. लावावाच लागतो. ‘ती’ म्हटलं की तिला बघणारा कुणीतरी त्या खोलीत उभा करावा लागतो, आणि उभा केला की तो बघत सुटतो. मी लिहिलं होतं, “मनगटं त्याच्या मुठीत होती आणि मला हसू आवरेना.” छापलं होतं, “तिची गोरी मनगटं त्याच्या मुठीत होती आणि घामाने तिची पाठ चमकत होती.” अहो, लाइट गेलीय! पाठ चमकते कशी? आणि माझ्या कथेत पाठ नव्हतीच, कारण ‘मी’ला स्वतःची पाठ दिसत नाही. घामाचा ओघळ कुठवर उतरला हे तिला कळतं, तो कसा दिसतो ते नाही. माझ्या कथेत दोघं मिळून अख्ख्या घराला गंडवत होती. छापलेल्या कथेत वाचक फटीला डोळा लावून बसला होता, आणि हसू कापलं गेलं होतं. हसणाऱ्या बाईकडे तसं बघता येत नाही, म्हणून असेल.

जाऊबाई मात्र खूश. “बरं केलंस गं ‘ती’ केलंस ते, आता कुणाला दाखवायला लाज नाही.” मी काही बोलले नाही. ‘मी’ लिहिताना मला कधी उघडं वाटलं नव्हतं. त्या दिवशी, ‘ती’ वाचताना, वाटलं.

आता तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही विचारत नाही. आमच्या घराला गच्ची नाही, येऊन बघून जा. मनगटांचं मात्र खरं आहे. मराठीत ‘मी हसले’ एवढं लिहिलं तरी बाई बोलतेय हे कळतं. लिहिणारी बाई, बोलणारी बाई, झाला तुमचा हिशेब. करा.

पूर्वी मी छातीठोकपणे सांगायचे, ‘मी’ म्हणजे प्रामाणिक आणि ‘ती’ म्हणजे चावट. आता तसं सांगवत नाही. लावणीत ‘मी’ म्हणते ती बाई, पण शब्द बहुतेक वेळा शाहिराचे, म्हणजे पुरुषाचे. त्यातला एक मोठा, रामजोशी, आपल्या सोलापूरचाच. तिथली ‘मी’ कितीदा तरी स्वतःकडे समोर बसलेल्याच्या डोळ्यांनी बघते. आणि हल्लीच्या कथांतली ‘मी’ ऊठसूट आरशापुढे कशाला उभी राहते? पाठ दाखवायलाच.

उलट गाथासप्तशतीतली, म्हणजे जुन्या प्राकृत गाथांच्या संग्रहातली, ती बाई घ्या. वाटसरूला म्हणते, सासू इथे झोपते, मी इथे; दिवसाउजेडी नीट बघून ठेव, रात्री अडखळून आमच्या अंथरुणावर पडू नकोस. अंगाचं वर्णन नावाला नाही, आणि वाचणाऱ्याचे कान तापतात. ती गाथा बाईने रचली की पुरुषाने, कोण सांगणार? कदाचित ‘मी’ की ‘ती’ यापेक्षा ती कुणाशी बोलते यावर सगळं असेल. ती वाटसरूशी बोलते, मैफलीशी नाही. पण हेही मला पुरतं पटलेलं नाही. मैफल ऐकत होतीच की.

सध्या मुद्दाम ‘ती’मध्ये एक कथा लिहायला घेतलीय. थोडी पानं झाली, बघणारा कोण हे अजून ठरत नाही, म्हणून अडलीय. दोघातिघांना वाचायला दिली. ही ‘ती’ म्हणजे तूच का, असं एकानेही विचारलेलं नाही.