एडिसन ते स्कायलाइन ड्राइव्ह, कुडकुडणाऱ्या मिनीव्हॅनमधून

डेलावेअर नदी ओलांडून पेन्सिल्व्हेनियात शिरलं की गाडीखाली काहीही थरथरलं तरी न्यू जर्सीवाला आधी रस्त्याला शिव्या घालतो. एडिसनहून व्हर्जिनियातल्या स्कायलाइन ड्राइव्ह या डोंगररस्त्याला निघालो होतो, मीही घातल्या. इंटरस्टेट ७८ वर ॲलनटाउन मागे पडलं आणि लहान-मोठे चढ सुरू झाले. पुढे एक ट्रक धापा टाकत चढत होता. त्याच्यामागे माझा वेग ७० वरून ४५ मैलांवर आला. पाय एक्सिलरेटरवर नुसता टेकलेला, आणि अचानक चाकांखाली कुणी पन्हाळी पत्रा अंथरल्यासारखी गुर्रर्र थरथर झाली. जेमतेम दोन सेकंद. कडेच्या खाचांवर गेलो की काय म्हणून आरशात पाहिलं, तर गाडी लेनच्या मधोमध होती.

तिसऱ्या रांगेतून लेक म्हणाली, "बाबा, गाडीला थंडी वाजतेय."

पुढच्या चढावर पुन्हा तेच. तेव्हा कुठे रस्त्याला दिलेल्या शिव्या मागे घेतल्या.

आई-अण्णा सहा महिन्यांसाठी आलेले, माणसं सहा, म्हणून दीड महिन्यापूर्वी एका गृहस्थांकडून ही जुनी मिनीव्हॅन घेतली होती. व्ही-सिक्स इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक, १,१८,००० मैल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे दुखणं कुणा एका कंपनीचं नाही. घेताना चालवून पाहिली होती. थंड गाडी, दहा मिनिटं गावात, मग हायवेवर ६५ ने सरळ. लोण्यासारखी पळाली. ती चाचणीच चुकीची होती, हे पावणेतीनशे मैलांच्या प्रवासात कळलं.

कार्लाइलला पोचेपर्यंत इंटरस्टेट ८१ लागलेला होता आणि थरथर आठ-दहा वेळा झाली होती. तिथल्या ट्रक स्टॉपवर थांबलो. धपाटे आणि दही संपवलं, मग अण्णांनी विषय काढला. अण्णा एस.टी.च्या आगारात फिटर होते, त्यामुळे गाडीच्या आवाजावर त्यांचं मत असतंच.

"मिसिंग मारतेय का रे? का क्लच प्लेट गेली? आमच्या गाड्या घाटात पहिल्या गिअरला अशाच थरथरायच्या."

"अण्णा, हिला क्लचचा पेडलच नाही."

"पेडल नसेल. क्लच असेलच की."

आणि क्लच असतोच. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचं तेलाने भरलेलं एक डबडं असतं. इंजिनाकडचा पंखा तेल फिरवतो, त्या तेलाने समोरचा पंखा फिरतो. दोन पंखे शेजारी ठेवून एक चालू केला की दुसरा वाऱ्याने फिरायला लागतो, तसंच. पण अशात थोडी घसर राहते आणि पेट्रोल वाया जातं. म्हणून आत एक लॉकअप क्लच दिलेला असतो. वेग स्थिर झाला की तो दोन्ही बाजू एकमेकींना जखडून टाकतो. नव्या गाड्यांत कमी वेगालाही तो अर्धवट धरला जातो, म्हणजे थोडं घसरू देत देत पकडायचं. हे गुळगुळीत व्हावं म्हणून ट्रान्समिशन ऑइलमध्ये खास रसायनं असतात. ऑइल जुनं झालं की ती संपतात. मग प्लेट धरते, सुटते, पुन्हा धरते, सेकंदाला कित्येक वेळा. ओल्या फरशीवर चप्पल कुरकुरत सरकते ना, तशी. लेकीची कुडकुड ती हीच.

७० च्या वेगाला क्लच पक्का धरलेला असतो, तेव्हा काही जाणवत नाही. एक्सिलरेटर जोरात दाबला तर गिअर खाली उतरतो, क्लच सुटतो, तेव्हाही नाही. थरथर सापडते ती मधल्या पट्ट्यात: ३५ ते ५० मैल, हलका चढ, हलका पाय, आणि ऑइल चांगलं तापलेलं. माझ्या चाचणीत यातलं एकही नव्हतं.

पण हा सगळा अंदाज होता, आणि मिसिंगही, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणंही, अगदी असंच वाटतं. पडताळायला इंटरस्टेट सोडला. ८१ ला समांतर जुना रूट ११ जातो. शिपेन्सबर्ग ते चेंबर्सबर्गच्या मध्ये शेतं, धान्याचे उंच सायलो आणि दुपारी फारशी रहदारी नाही. वेगही नेमका पाहिजे तोच. तुम्हाला कुठेही अशी तपासणी करायची तर हायवेच्या शेजारचा असा जुना रस्ता शोधा. ट्रकांच्या मध्ये हे करू नका.

पहिली चाचणी ब्रेकची. एक्सिलरेटर तसाच धरून ठेवायचा आणि थरथर सुरू असताना डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा. इतकाच की मागचा दिवा लागेल पण गाडी थांबणार नाही. ब्रेकचा स्विच दबला की कॉम्प्युटर लॉकअप सोडून देतो. मागे गाडी नाही ना, हे बायको बघत होती. चढ आला, गुर्रर्र सुरू झालं, स्पर्श केला, आणि थरथर विजेचं बटण बंद केल्यासारखी गेली. आरपीएमचा काटा किंचित वर चढला. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

इथे बरेच जण थांबतात आणि चुकतात. लॉकअप सुटल्यावर इंजिनावरचा भारही कमी होतो. त्यामुळे एखादा स्पार्क प्लग किंवा त्याची कॉइल दमलेली असेल तर ते मिसिंगही त्याच क्षणी लपतं. म्हणून दुसरी चाचणी हवीच. डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचायची जागा) ब्लूटूथचा स्कॅनर लावला. अमेरिकेत १९९६ पासूनच्या प्रत्येक नव्या कारला हे सॉकेट आहे. बायकोने फोनवर दोन गोष्टी पाहिल्या. एक, मोड ०६ मधली, म्हणजे गाडीने स्वतःच केलेल्या तपासण्यांच्या यादीतली, प्रत्येक सिलिंडरच्या मिसफायरची (मिसिंगची) मोजणी: सहाही शून्य. दोन, इंजिनाचे आरपीएम आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे आरपीएम यांतला फरक. क्लच पक्का धरलेला असताना हा फरक शून्याजवळ असायला हवा. थरथर झाली की तो ४० वरून १२०, पुन्हा ४०, असा नाचत होता. स्वस्त स्कॅनर आणि फुकटचं ॲप ट्रान्समिशनचे आकडे बहुधा दाखवत नाही. तुमच्या मॉडेलची जास्तीची फाइल देणारं ॲप आधीच घेऊन ठेवा. वाटेत नेट मिळेल या भरवशावर राहू नका. इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला नव्हता आणि बिघाडाचा कोडही नव्हता. लॉकअपसाठी पी०७४१ हा कोड आहे, पण नुसत्या थरथरीला तो येईलच असं नाही. दिवा नाही म्हणजे दुखणं नाही असं समजू नका.

बाकीचे संशयित अण्णांनी बसल्या जागी बाद केले. वेगाबरोबर वाढणारी आणि पाय काढला तरी राहणारी थरथर चाकांची. ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग हलतं ते डिस्कमुळे. सिग्नलला गिअरमध्ये उभी असताना थरथरते ती इंजिनाच्या माउंटमुळे. जोरात उचलताना पुढचं टोक डावी-उजवीकडे हलतं तेव्हा ॲक्सलचा आतला जॉइंट बघायचा. यातलं आपल्याकडे एकही नव्हतं.

आता प्रश्न होता पुढे जायचं की नाही. ऑइलला जळका वास नव्हता, गिअर वेळेवर पडत होते, रिव्हर्सला धक्का नव्हता. गिअर घसरत असते, म्हणजे इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे सरकत नाही असं असतं, तर मी चेंबर्सबर्गहून परत फिरलो असतो. नुसत्या लॉकअपच्या थरथरीवर दोन-चार दिवस संभाळून चालवता येतं, मात्र महिनोन्‌महिने नाही; प्लेटचा निघालेला भुगा पुढे व्हॉल्व्हमध्ये जातो. रोडसाइड असिस्टन्सच्या कार्डावर टोइंग किती मैलांचं आहे तेवढं पाहून घेतलं आणि मेरीलँड, वेस्ट व्हर्जिनियाचे चिमूटभर तुकडे ओलांडून संध्याकाळी फ्रंट रॉयलला पोचलो.

स्कायलाइन ड्राइव्ह १०५ मैलांचा. शेनान्डोआ नॅशनल पार्कच्या डोंगरधारेवरून जातो आणि वेगमर्यादा सगळीकडे ३५. म्हणजे आमच्या गाडीचं दुखणं बाहेर काढायला मुद्दाम बांधल्यासारखा. सकाळी गेटातून आत गेलो आणि पहिल्या चार मैलांच्या चढातच डी मध्ये ठेवलेल्या गाडीने हैराण केलं. ३५ ला कॉम्प्युटर पेट्रोल वाचवायला वरचा गिअर धरतो, आरपीएम १,३००, आणि कुडकुड सुरू. डिकी रिज व्हिजिटर सेंटरला (मैल ४.६) थांबून ठरवलं: दिवसभर तिसऱ्या गिअरात. आरपीएम दोन हजारांच्या वर गेले आणि थरथर जवळजवळ नाहीशी झाली. उतारालाही हाच गिअर कामाला येतो, ब्रेक तापत नाहीत. क्रूझ कंट्रोल अजिबात लावायचा नाही. तो चढावर पाय हलकाच ठेवतो, नेमका नको तसा. ऑइलचं तापमान सपाटीवर १७५ फॅरेनहाइट होतं, चढात १९५ पर्यंत जायचं. २२० ला थांबायचं ठरवलं होतं, तशी वेळ आली नाही. आणि थांबायला जागांची कमी नाही, कडेला सत्तरच्या आसपास नजारे आहेत.

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा होता. रंगांबद्दल लिहीत नाही, फोटो सगळ्यांनीच पाहिलेत. मेरीज रॉकच्या बोगद्यात आईने हॉर्न वाजवायला लावला. स्कायलँडजवळ रस्ता ३,६८० फुटांवर जातो, हा त्याचा सर्वात उंच भाग. बिग मेडोज (मैल ५१) इथे कुरणात हरणं चरत होती आणि आईने वाऱ्यामुळे शालीतून हात बाहेर काढला नाही. जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, फ्रंट रॉयलच्या गेटवर रांग लागते. पेट्रोल गावातच भरून घ्या. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, नकाशा उतरवून ठेवा.

परत आल्यावर दोन गॅरेजं केली. पहिल्याने गाडी न चालवताच पूर्ण ट्रान्समिशन बदलायचे ४,६०० डॉलर सांगितले. दुसऱ्याने आमचे आकडे पाहिले, एक फेरी मारली आणि म्हणाला, आधी ऑइल बदला, नाही गेलं तर या. चालवून न बघता ट्रान्समिशन उतरवायला निघालेल्या माणसाकडे किल्ली ठेवू नका.

ऑइल घरीच बदललं. एका वेळी गिअरबॉक्सच्या खालच्या प्लगमधून (बुचातून) साडेतीन क्वार्टच (एक क्वार्ट म्हणजे जवळजवळ लिटर) निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून तीनदा काढायचं आणि प्रत्येक वेळी मध्ये शंभरेक मैल चालवायची. दरवेळी ४० टक्के बदललं असं धरा, तर तिसऱ्यांदा साधारण चार पंचमांश ऑइल नवं होतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रतीचंच घ्या, 'सगळ्या गाड्यांना चालतं' अशा बाटलीवर पैसे वाचवू नका. इथे सगळा खेळ त्या रसायनांचाच आहे. आणि खालचा प्लग काढण्यापूर्वी वरचा, भरायचा प्लग सैल होतो का ते बघा. तो गंजून बसला असेल आणि खालून ऑइल निघून गेलं असेल तर गाडी जागची हलणार नाही. निघालेलं ऑइल मोजायचं, तेवढंच भरायचं, वॉशर नवा टाकायचा.

जुनं ऑइल कोऱ्या चहासारखं निघालं. नवं डाळिंबाच्या रसासारखं असतं. प्लगच्या लोहचुंबकावर राखाडी चिखल होता. अण्णांनी तो चिमटीत घेतला, चोळला, नाकाला लावला. "किस नाही. भुकटी आहे. प्लेट शिल्लक आहे." किस म्हणजे धातूचे चकाकणारे कण. ते दिसले असते तर ४,६०० वाल्याकडे नाही तरी दुसऱ्याकडे जावंच लागलं असतं.

पहिल्या खेपेला थरथर निम्मी झाली, तिसरीनंतर गेली. डीलरकडे गाडीचा नंबर देऊन ट्रान्समिशनचं सॉफ्टवेअर अपडेटही करून घेतलं. अनेक कंपन्यांनी लॉकअप कधी धरायचा याचं गणित नंतर बदललेलं आहे, आणि त्याची पत्रकं एनएचटीएसए या सरकारी रस्ता-सुरक्षा खात्याच्या साइटवर मॉडेल आणि वर्ष टाकून फुकट वाचता येतात. गाडी घेण्याआधीच वाचा. मी नंतर वाचली.

घेण्याआधीचं आणखी एक. निदान वीस मिनिटं तापवा, मग ४० ते ४५ ने हलक्या चढावर, पाय अगदी हलका ठेवून चालवा. विकणारा घाईत असेल तर दुसरी गाडी बघा. न्यू जर्सीत डीलरकडून घेतलेल्या जुन्या गाडीला कायद्याने वॉरंटी मिळते: किंमत किमान ३,००० डॉलर, गाडी सात मॉडेल-वर्षांच्या आतली आणि एक लाख मैलांच्या आत. ६० हजार मैलांच्या पुढे असेल तर ती फक्त ३० दिवस किंवा १,००० मैल असते, म्हणून ही चाचणी पहिल्याच आठवड्यात उरका. खासगी माणसाकडून घेतली तर हा कायदा लागू नाही, आणि माझी तर लाखाच्याही पुढची होती.

आता सात हजार मैल झालेत. जुलैच्या उकाड्यात एकदा, पोकोनोजच्या चढावर, किंचित जाणवल्यासारखं झालं, पुन्हा नाही. दिवाळीनंतर ऑइल आणखी एकदा काढणार आहे.

जुनं ऑइल दुधाच्या रिकाम्या गॅलन कॅनमधून पार्ट्सच्या दुकानात नेऊन दिलं, बरीच दुकानं फुकट घेतात. कॅनवर खूण जरूर करा. आमच्या तिन्ही कॅनवर आईने मार्करने मोठ्या अक्षरांत 'दूध नाही' लिहिलं होतं, आणि काउंटरवरच्या पोराने आधी ते काय लिहिलंय हे विचारून घेतलं, मगच कॅन उचलले.