दिवा लागला की चाक जड होतं

उद्यमनगरात माझं अल्टरनेटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जनरेटरमधली जळालेली तार काढून नवी भरायचं दुकान आहे. कामावर नवीन पोरगं आलं की त्याला आधी चालू जनरेटरजवळ उभं करतो. लोड टाकला, म्हणजे विजेवर चालणारं काही जोडलं, की इंजिनाचा आवाज क्षणभर दबतो, मग गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) डिझेल वाढवतो आणि फेरे पुन्हा मिनिटाला १५०० वर येतात. चार पोलच्या, म्हणजे चार चुंबकीय ध्रुवांच्या मशिनला ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० आवर्तनांच्या) विजेसाठी तेवढे लागतातच. इंजिन का दबलं, हे ज्याला कळलं त्याला पुढचं शिकवणं सोपं जातं. मला ते माझ्या शाळेत, आमच्या सरांमुळं कळलं.

बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं तारेत वीज तयार होते, हा फॅरडेनं १८३१ मध्ये लावलेला शोध आमच्या पुस्तकात होताच. पण सरांनी शिपाईमामांची सायकल प्रयोगशाळेत आणून उलटी उभी केली. डायनामोची वायर काढली आणि मला पेडल फिरवायला लावलं. डायनामो टायरला घासत होता, तरी चाक बऱ्यापैकी मोकळं फिरत होतं. मग त्यांनी वायर जोडली. दिवा लागला आणि हाताला जडपणा जाणवला. वायर काढली, हलकं. जोडली, जड. सगळ्या वर्गानं पाळीपाळीनं फिरवून बघितलं.

मग सरांनी एक जुना डायनामो खोलून दाखवला. आत गोल चुंबक, भोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. चुंबक फिरलं की वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र सारखं बदलतं आणि त्या बदलानं तारेत वीज तयार होते. दिवा जोडला की तारेतून प्रवाह वाहतो. त्या प्रवाहाचं स्वतःचं चुंबकत्व फिरणाऱ्या चुंबकाला अडवतं. हा लेन्झचा नियम. "वीज फुकट येत न्हाई रे, तुझा हात ती देतोय," सर म्हणाले.

पुढं शाळेची सहल राधानगरीला गेली. शाहू महाराजांनी उभारायला घेतलेलं ते धरण, पायथ्याला वीजघर. तिथं हाताच्या जागी पाणी होतं, एवढाच फरक. मुलं कठड्यावर फोटो काढत होती, मी मात्र वीजघराच्या आवाजाकडं कान लावून होतो.

शाळेची नवी प्रयोगशाळा होतेय असं कळलं. हातानं फिरवायचा एक जनरेटर मी स्वतः गुंडाळून देणार आहे, दिव्याला स्विच लावून. मुख्याध्यापकांना एकच विनंती: तो कपाटात ठेवू नका, पोरांच्या हातात द्या. तार जळाली तर मी पुन्हा भरून देईन.