लॉस एंजेलिसचा काउंटर आणि ४७३ डॉलर

मुंबईहून निघून चोवीस तास झाले होते, लेक बॅगांवरच आडवी झाली होती, आणि भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरवरचा माणूस गोड हसून म्हणाला, "सर, कॅलिफोर्नियात इन्शुरन्स कंपल्सरी आहे."

वाक्य शंभर टक्के खरं होतं. त्यामुळेच फसलो. त्याने टॅबलेट पुढे सरकवला, मी तीन चौकोनांवर बोट टेकवलं आणि सही केली. दुसऱ्या रात्री लास व्हेगासच्या हॉटेलात पावती नीट वाचली, तेव्हा कळलं की पुण्यातून बुकिंग करताना ज्याचे पैसे भरले होते तेच परत विकत घेतलंय. रोजचे ४३ डॉलर, अकरा दिवस. हिशोब तुम्हीच करा. बायकोने केलाच, मोठ्याने.

कंपल्सरी काय असतं ते आधी समजून घ्या, मग काउंटरवर जा. कायद्याला तुमच्या गाडीच्या पत्र्याशी देणंघेणं नाही. तुम्ही दुसऱ्याला ठोकलं तर त्याच्या भरपाईची सोय हवी, एवढंच तो मागतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून ही किमान रक्कम एका जखमीसाठी ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून ६० हजार आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५ हजार. त्याआधी ती १५, ३० आणि ५ हजार होती. नेवाडात २५, ५० आणि २०. ॲरिझोनात २५, ५० आणि १५. युटात ३०, ६५ आणि २५, शिवाय तिथे चूक कोणाचीही असो, स्वतःच्या गाडीतल्यांच्या उपचारांचे पहिले ३ हजार डॉलर आपल्याच पॉलिसीतून जातात. एका सहलीत चार राज्यं, चार आकडे.

आपली सवय इथे दगा देते. आपल्याकडे थर्ड पार्टीत माणूस जखमी झाला किंवा दगावला तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई विमा कंपनी भरते, त्याला आकड्याचं झाकण नसतं. तिकडे आकडा संपला की पुढचं तुमच्या खिशातून. आणि तिकडच्या इस्पितळाच्या बिलापुढे ३० हजार म्हणजे चणेफुटाणे. तेव्हा एसएलआय, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची वाढीव रक्कम, बहुधा दहा लाख डॉलरपर्यंतची, ही घ्याच. इथे काटकसर म्हणजे शुद्ध मूर्खपणा.

एलडीडब्ल्यू किंवा सीडीडब्ल्यू ही वेगळी भानगड. तो विमा नाहीच. गाडीचं नुकसान झालं तर आम्ही तुमच्याकडून वसूल करणार नाही, एवढी भाडेकंपनीची कबुली. तो ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला सांगणं कॅलिफोर्नियाच्या कायद्याने बंधनकारक आहे. मला ते टॅबलेटवर बारीक अक्षरात सांगितलं गेलं असणार. भारतातून, परदेशी पर्यटक म्हणून बुकिंग केलं की एसएलआय आणि एलडीडब्ल्यू या दोन्ही गोष्टी बऱ्याचदा भाड्यातच धरलेल्या असतात. बुकिंगचं व्हाउचर छापून न्या, त्या दोन ओळींवर हायलायटर मारा आणि काउंटरवर म्हणा, "हे सोडून काही नको." टायर-काच, रस्त्यावरची मदत, आगाऊ पेट्रोल, सगळ्याला नाही. पैसे परत मागायला मेल केलं, तर उत्तरात माझीच सही आली.

भाच्याची गाडी फुकट मिळते म्हणून खूश असाल तर त्याच्या विमा कंपनीला आधी फोन करायला लावा. पॉलिसी साधारणपणे गाडीबरोबर चालते, पण काही पॉलिसींत बाहेरच्या माणसाने चालवली तर भरपाई राज्याच्या किमान आकड्यावर उतरते. सहा महिने मुलाकडे राहायला जाणाऱ्या आई-बाबांनी तर हे विचारलंच पाहिजे, कारण घरात राहणाऱ्याचं नाव पॉलिसीत घालावं लागू शकतं.

उजव्या बाजूने चालवायची सवय एका दिवसात होते, त्यावर लिहीत नाही. स्टॉप लिहिलेल्या पाटीला मात्र चाक पूर्ण थांबलं पाहिजे, रस्ता ओस असला तरी. लाल दिव्यावर उजवीकडे वळता येतं, तेही थांबून आणि मनाई करणारी पाटी नसेल तरच. युटात दारूची मर्यादा ०.०५ टक्के आहे, बाकी तिन्हीकडे ०.०८. गाडी चालवणार असाल तर बीअरही नको.

युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानाला जाणाऱ्या ९ नंबरच्या रस्त्यावर गावं आली की वेगमर्यादा धाडकन उतरते. मी नाही उतरलो. मागे लाल-निळे दिवे लागले, गाडी कडेला घेतली आणि पुण्याच्या सवयीने दार उघडून कागद घेऊन निघालो. "गाडीत बसा!" असा आवाज आला की पाय लटपटले. खाली उतरायचं नाही, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, ग्लव्ह बॉक्स विचारल्याशिवाय उघडायचा नाही. पोलिसाने लायसन्स, गाडीचे कागद आणि इन्शुरन्सचा पुरावा मागितला. माझं व्हाउचर मोबाईलवर, मोबाईलला रेंज नाही. शेवटी भाड्याच्या करारावर भागलं, तोच ४७३ डॉलरवाला. लेखी ताकीद देऊन सोडलं. आरटीओतून हजार रुपये भरून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट त्याने माझ्या लायसन्सशी ताडून पाहिलं. कॅलिफोर्निया पर्यटकाकडे ते मागत नाही, तरी काढा, आणि मूळ लायसन्स सोबत ठेवा. नुसतं परमिट चालत नाही.

ग्रँड कॅन्यन छान आहे. फोटो सगळ्यांनी पाहिलेत.

सात वर्षांच्या मुलीला बूस्टर सीट लागते. कॅलिफोर्नियात वय आठच्या खाली आणि उंची ४ फूट ९ इंचांपेक्षा कमी असेल तर सक्तीच, आणि मागच्याच सीटवर. काउंटरवर तिचं रोजचं भाडं सांगितलं, तेवढं एक मात्र मी नाकारलं आणि वाटेतल्या दुकानातून नवी घेतली. तीन दिवसांच्या भाड्यात आली. परतताना ती भाच्याकडे टाकली. कोणी जाणार असेल तर सांगा, पत्ता देतो.